विश्लेषण : मुख्याध्यापक शाळेत नाहीत, हे पालकांना कोण सांगणार?

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. गोंदिया जिल्ह्यात नेमकी तेव्हाच धानाच्या पऱ्ह्यांची आणि पाठोपाठ रोवणीची लगबग सुरू होते. अशा दिवसांत कामठ्यासारख्या गावातला पालक रोजी बुडवून मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत जातो आणि ‘मोठे सर नाहीत, नंतर या’ एवढेच ऐकून परततो. सर रजेवर आहेत, प्रशिक्षणाला गेले आहेत की त्यांची बदली झाली, तोवर सही कोण करणार, यातले काहीच त्याला कळत नाही. मुख्याध्यापकांची गैरहजेरी अनेकदा रास्त कारणानेच असते. पण ती पालकांना कळवण्याची ठरलेली पद्धत नसल्याने साध्या रजेचाही संशय होतो.

मुख्याध्यापकाचे पद प्रत्येक शाळेत असते का?

नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक विद्यार्थी असतील, तर पाच शिक्षकांव्यतिरिक्त एक मुख्याध्यापक हवा. सहावी ते आठवीसाठी १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. पटसंख्या याहून कमी असलेल्या शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षकच कारभार पाहतो. तो वर्गही शिकवतो, पोषण आहाराचा हिशेबही ठेवतो आणि पंचायत समितीच्या बैठकीलाही जातो. तो बाहेर गेला की त्या दिवशी शाळेचा प्रमुख आणि एक वर्गशिक्षक असे दोघेही नसतात. दोनशिक्षकी शाळेत तर अर्धी शाळाच गैरहजर असते.

पद असूनही ते रिकामे का राहते?

निवृत्ती ठरलेल्या तारखेला होते, पण पदोन्नती त्याच तारखेला होईलच असे नाही. मधल्या काळात ‘प्रभारी’ नेमला जातो आणि हा मधला काळ लांबत जातो. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाची भर पडली आहे. ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, त्यांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे लागेल. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे त्यांची नोकरी कायम राहील, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी द्यावी लागेल. मुख्याध्यापक याच ज्येष्ठ शिक्षकांतून होतात, त्यामुळे प्रभारींवर चालणाऱ्या शाळांचा प्रश्न लवकर सुटण्याची चिन्हे नाहीत.

रिक्त पदांखेरीज तात्पुरती अनुपस्थितीही असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. मात्र दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे त्याला अपवाद आहेत. भंडारा-गोंदिया मतदारसंघात २०२४ साली १९ एप्रिलला लोकसभेचे आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. निवडणुकीच्या कामात शिक्षक असतात हे गावाला माहीत असते. पण आपल्या शाळेतले कोण, किती दिवस जाणार, हे क्वचितच सांगितले जाते.

मुख्याध्यापक नसले की काय अडते?

शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कागदांवर मुख्याध्यापकांची सही लागते. शाळेच्या बँक खात्याचे व्यवहारही त्यांच्या सहीशिवाय होत नाहीत. मात्र सर्वांत मोठी अडचण सहसा लक्षात येत नाही. शाळेवर पालकांनी लक्ष ठेवावे यासाठी कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि तिची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी, अशी व्यवस्था आहे. या समितीचे पदसिद्ध सचिव असतात मुख्याध्यापक. बैठक बोलावणे, विषयपत्रिका काढणे, इतिवृत्त लिहिणे ही कामे त्यांचीच. म्हणजे ज्यांच्या गैरहजेरीबद्दल पालकांनी विचारायचे, पालकांना एकत्र बोलावणारेही तेच. एकाच माणसावर उभी असलेली यंत्रणा तो माणूस नसताना बंद पडते. यात कोणा मुख्याध्यापकाचा दोष नाही, व्यवस्थेच्या रचनेचा आहे.

पालकांना ही माहिती मागण्याचा हक्क आहे का?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकांनी नियमित व वेळेवर शाळेत येणे आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलांच्या प्रगतीची माहिती देणे, ही त्यांची कर्तव्ये आहेत. मात्र मुख्याध्यापक नसल्याचे पालकांना कळवावे, असे थेट शब्दांत हे कलम सांगत नाही.

ही उणीव माहिती अधिकार कायदा, २००५ बऱ्याच अंशी भरून काढतो. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अधिकारी-कर्मचारी आणि त्यांची कर्तव्ये यांची माहिती कोणी न मागताच जाहीर करायची असते. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी, असेही कायदा म्हणतो. सूचनाफलक आणि जाहीर घोषणा या दोन्हींचा त्यात उल्लेख आहे. गावच्या भाषेत सांगायचे तर फलक आणि मुनादी. जिल्हा परिषदेची शाळा या कायद्याबाहेर नाही.

सरकारला कळते, गावाला का नाही?

कारण शाळेची माहिती फक्त वर जाते. यूडायस, सरल, शालार्थ, पोषण आहाराची दैनंदिन नोंद अशा पोर्टलवर शाळा वर्षभर आकडे भरत असते. शिक्षक रजेवर गेला तर ते केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळते. तीच माहिती शाळेच्या फाटकापर्यंत येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांची छायाचित्रे वर्गात लावण्याचा आदेश काढला होता. खऱ्या शिक्षकाऐवजी दुसराच कोणी शिकवत नाही ना, हे त्यातून समजावे, असा हेतू होता. त्यावरून शिक्षक संघटना नाराजही झाल्या. पण छायाचित्रातला माणूस आज शाळेत आहे का आणि नसेल तर त्याचे काम कोणाकडे आहे, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा नाही का?

उपयोगी आहे, पुरेसा नाही. घरातला एकमेव स्मार्टफोन बरेचदा कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांचे आईवडील कामासाठी बाहेरगावी असतात. अनेक शाळांत ग्रुपचे ॲडमिन मुख्याध्यापकच असतात आणि बदली झाली की ग्रुप ओस पडतो. शिवाय सरकारी सूचना, शुभेच्छा आणि अभ्यासाचे फोटो यांच्या गर्दीत महत्त्वाचा निरोप वर सरकून जातो. फलक मात्र जागच्या जागी राहतो आणि ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही दिसतो.

शिक्षकांच्या खासगीपणाचे काय?

ही शंका रास्त आहे. मुख्याध्यापिका बाळंतपणाच्या रजेवर आहेत की कोणी आजारी आहे की घरात दुःखद प्रसंग घडला आहे, हे गावाने जाणून घेण्याची गरज नाही. पालकांना रजेचे कारण नको आहे. कोण नाही, केव्हापर्यंत नाही आणि तोवर कोणाला भेटायचे, ही तीनच उत्तरे हवी आहेत. उलट ही उत्तरे न दिल्यानेच शिक्षकाच्या खासगी आयुष्याची चर्चा पानठेल्यावर रंगते. स्पष्ट सूचना शिक्षकालाही अफवेपासून वाचवते.

इतर ठिकाणी काय होते?

इंग्लंडमधील सरकारी शाळांत मुख्याध्यापकाचे पद रिक्त झाले की शाळेच्या नियामक मंडळाला ते स्थानिक प्राधिकरणाला लेखी कळवावे लागते. शाळेच्या संकेतस्थळावर मुख्याध्यापकाचे नाव असणेही बंधनकारक आहे. आपल्या गावातील शाळेला संकेतस्थळ नसेल, पण भिंत आहे. त्यामागचे तत्त्व तिथेही पाळता येते.

मग करायचे काय?

चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, फाटकाजवळच्या फलकावर मुख्याध्यापक किंवा प्रभारीचे नाव आणि गैरहजेरी तीन दिवसांहून अधिक असेल तर परतण्याची तारीख. दुसरी, प्रभार सोपवल्याच्या पत्राची प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. तिसरी, सचिव नसतील तर प्रभारी शिक्षकाने बैठक घ्यावी, असा समितीचा आधीच केलेला ठराव. चौथी, दाखल्यांसाठी आठवड्यातला ठरलेला दिवस, म्हणजे पालकाची रोजी दोनदा बुडणार नाही. यासाठी नवे ॲप नको, निधीही नको. गटशिक्षणाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेल.

तेही येईपर्यंत थांबायची गरज नाही. समितीत बहुमत पालकांचेच आहे. कामठा असो वा शेजारचे गाव, येत्या बैठकीत हा विषय मांडून ठराव करता येईल. त्याला तक्रारीचे रूप देण्याचे कारण नाही. ‘मोठे सर नाहीत’ एवढ्यावर न थांबता ‘सोमवारी येतील, तोवर या मॅडमना भेटा’ असे सांगणारी शाळा शिक्षकांनाही हवीच असते.