सुईला जपा!

मैत्रिणींनो, रेकॉर्ड-प्लेअरचा आवाज घोगरा येऊ लागला की आधी सुई पाहा; धुळीचा पुंजका अडकलेला असतो. फडक्यानं मात्र पुसू नका हं! मी पुसली, आणि सासूबाईंची नाट्यगीतं दोन महिने बंद पडली. सुईचं टोक हिऱ्याचं किंवा नीलमण्याचं, पण ते जिच्यावर बसवलेलं असतं ती बारीक काडी फारच नाजूक.

आवाजाचं बटण पूर्ण खाली करा, तबकडी थांबवा. मऊ, कोरा, कोरडा ब्रश घेऊन मागून पुढे, म्हणजे तबकडी सुईखालून सरकते त्याच दिशेनं, हलकेच फिरवा. आडवा किंवा उलटा कधीच नाही. बोट लावू नका, फुंकरही नको. स्पिरिटनं जोडावरचा गोंद सुटू शकतो. आणि हो, तबकडीही पुसून घ्या, नाहीतर दुसऱ्याच गाण्याला पुन्हा तोच पुंजका!