पेंढा जाळण्याआधी धुवा, भाजा

ऑक्टोबर सरत आला की आमच्या शाळेच्या मैदानावर धूर उतरतो. हरियाणातला हा भाताचा पट्टा. एखाद्या सकाळी पीटी रद्द होते आणि मग वर्गात शेतकऱ्याला नावे ठेवणे सुरू होते. मला ते पटत नाही. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये त्याच्या हाती जेमतेम तीन आठवडे असतात. आमच्या कोकणात पेंढ्याच्या उडव्या रचतात, गुरे तो खातात. इथल्या गुरांना गव्हाचा भुसा मिळतो. मग सिलिकाने भरलेला भाताचा पेंढा त्यांच्यापुढे कोण टाकणार?

मग तो इंधन म्हणून घ्या, असे सगळेच म्हणतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, मिसळायला सांगितले. धोरण चांगलेच आहे. पण पेंढा उचलायचा कसा यावर आपण जेवढे बोलतो, त्याच्या निम्मेही तो भट्टीत जाण्याआधी त्याचे काय करायचे यावर बोलत नाही.

पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोरीन बरेच असते. पोटॅशियममुळे राख कमी तापमानालाच वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर थर धरते. क्लोरीन त्या नळ्या गंजवते. शिवाय तंतू चिवट, त्यामुळे कोळशाच्या चक्कीत तो नीट दळला जात नाही. गोळ्यांना पाणी लागले की त्यांचा भुगा होतो.

यावर एक उपाय भाजण्याचा. इंग्रजीत त्याला टॉरिफॅक्शन म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द कॉफी भाजण्यासाठीही वापरतात. प्राणवायू न देता २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर पेंढा तापवायचा. लोणारी कोळसा पाडतो, त्याच्या बरेच अलीकडे थांबायचे. वजन साधारण ३० टक्के घटते, ऊर्जा मात्र सुमारे ९० टक्के उरते. माल ठिसूळ होतो, सहज दळला जातो, पाणी फारसे धरत नाही. पण भाजल्याने पोटॅशियम जात नाही. उलट वजन घटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून आधी धुणे. हे क्षार पाण्यात सहज विरघळतात. डेन्मार्कमध्ये शेतात पावसात भिजून राखाडी झालेला गव्हाचा पेंढा ताज्या पिवळ्या पेंढ्यापेक्षा बॉयलरला बरा मानतात, तो याचमुळे.

हे सगळे करायला खर्च येतो, आणि तो कोणी करावा असे वाटायला भावात फरक हवा. महाराष्ट्रात दुधाचा भाव फॅटवर ठरतो, उसाचा साखर उताऱ्यावर. पेंढ्याच्या गाठी मात्र मुख्यतः वजनावर आणि ओलाव्यावर जातात. क्षार कमी असलेल्या मालाला जास्त भाव मिळाला, तर धुण्या-भाजण्याची छोटी केंद्रे गावाजवळच उभी राहतील, आणि हलका झालेला माल वाहून नेणेही स्वस्त पडेल.

माझा एक वर्गमित्र म्हणतो, भूजल खोल गेलेल्या या भागात धुवायला पाणी आणायचे कुठून? प्रश्न बिनतोड नाही, पण रास्त आहे. तेच पाणी अनेकदा फिरवता येते. शेवटी उरणाऱ्या पाण्यात पोटॅश असते, आणि भारत आपले पोटॅश खत जवळजवळ सगळे आयात करतो. ते पाणी क्षार तपासून, बेताने, ज्या शेतातून पेंढा आला तिथेच परत सोडावे.