आठ महिने चॅटिंग, भेट एकही नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये शरद पवार अकोल्यात आले होते, तेव्हा एका तरुणाने त्यांच्या हातात पत्र दिलं : लग्न जमत नाही, बायको मिळवून द्या. राज्यभर हसून झालं. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात नवरदेव बनून पोरं जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. त्यावरही हसून झालं. आपल्याकडच्या माणसाला मात्र हसू येत नाही. तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा, तिशी ओलांडलेले, शेती करणारे पाच-सात पोट्टे पारावर भेटतातच.

आता हेच पोट्टे रात्री दीड वाजेपर्यंत इन्स्टाग्रामवर असतात. "भाऊ, आठ महिन्यांपासून बोलून राह्यलो, पुढं काय करू?" असं मला विचारणारे कमी नाहीत. मी विचारतो, भेटला का? नाही. बोलता काय? 'जेवली का', 'झोपली का'. अरे बावा, आठ महिने तिच्या जेवणाची चौकशी केली, तिला शिकायचं आहे की नोकरी करायची, हे विचारलं काय?

कापूस विकणाऱ्या गावाला हे सांगावं लागू नये. व्यापारी फोटो पाहून भाव करत नाही, मूठभर कापूस हातात घेतो, ओल पाहतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमावर आपण कितीही टीका करू, (मीही करतो) पण त्या वीस मिनिटांत घर, माणसं, बोलण्याची रीत तरी दिसते. चॅटिंगमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून मग थाप वाढत जाते. तीन एकरवाला 'पुण्यात कंपनीत आहे' म्हणतो आणि भेटायची वेळ आली की नेटवर्क जाते.

माझं मत सरळ आहे. दोन-तीन आठवडे बोलणं जमलं, की भेटा. दिवसा, चार लोकांत. तिला मैत्रीण सोबत आणायची असेल तर आणू द्या. शेती किती, कर्ज किती, हे पहिल्याच भेटीत सांगा. ती नाही म्हणाली तर विषय संपला. मग मेसेज नाही, तिचे फोटो मित्रांना दाखवणं तर अजिबात नाही.

पण भेटायचं कुठं, हा पोरांचा प्रश्न खोटा नाही. स्टँडजवळ दोघांनी चहा घेतला, तर कप रिकामा व्हायच्या आत मुलीच्या काकाला फोन जातो. नरनाळ्यावर गेले तर मोबाइल काढून शूटिंग करणारे तयार. लग्नाचं वय मुलीला 18, मुलाला 21. विशेष विवाह कायदा 1954 पासून आहे. कायद्याला यांचं लग्न चालतं, आपल्याला यांचा चहा चालत नाही. आणि बदनामी होते ती फक्त मुलीची, म्हणून तीही मोबाइलमध्येच थांबते.

नोव्हेंबर 2022 मध्ये अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली, तेव्हा आम्ही बातम्यांत विद्यार्थी, रुग्ण, व्यापारी यांची सोय झाली असं लिहिलं. या पोरांची सोय कोणी लिहिली नाही. एका कप चहासाठी ती सुमारे 45 किलोमीटर जातात, कारण तिथं त्यांना कोणी ओळखत नाही.