पदकापेक्षा मोठी नोकरी

२०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’मुळे मुरलीकांत पेटकर घराघरांत पोचले. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहून ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक! मला मात्र त्यांची टेल्कोतली नोकरी जास्त मोठी वाटते.

ईएमईचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाला. टाटांनी मदत देऊ केली, तेव्हा त्यांनी मदतीऐवजी काम मागितलं, असं सांगतात. पुढे पुण्याच्या टेल्कोत त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. पदक सेकंदांत मिळतं, कामावर मात्र रोज जावं लागतं!

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांचे ले-आउट उद्या आपणच काढणार. त्यात व्हीलचेअर वळायला जागा नसेल, तर असा माणूस गेटवरच अडेल. नुसता सलाम काय कामाचा? आधी रॅम्प काढूया!