रंगभवनातल्या त्या संध्याकाळींचे दफ्तर

संगीत-वाहिन्यांनी ज्या रॉक बँडांना घरोघर पोहोचविले, त्यांच्या कर्तृत्वाचा विचार करताना आपण त्यांच्या चित्रफितींवरच थांबतो. वास्तविक त्या बँडाच्या अंगी खरोखर काय आहे, याचा दाखला त्याच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणातच मिळतो. स्टुडिओत हुकलेला सूर पुन्हा लावता येतो, ढळलेली लय मागाहून सावरता येते. समोर श्रोते बसले असता मात्र ती सवलत उरत नाही. भांडगावच्या शेजारी चौफुल्यास ज्यांनी संगीत बारीची बैठक ऐकली आहे, त्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथे समोरच्याची दाद पाहून गाणारणीचा ठेका क्षणात बदलतो आणि तबलजीस तो त्याच क्षणी उचलावा लागतो.

निर्वाणा या अमेरिकन बँडाने १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क येथे एमटीव्ही या संगीत-वाहिनीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी केलेले वादन या दृष्टीने पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगे आहे. ज्या गीताने त्या बँडास जगभर ओळख मिळवून दिली ते गीत बँडाचा गायक कर्ट कोबेन याने त्या रात्री गाइलेच नाही. उलट ध्वनिमुद्रिकेतील चौदा गीतांपैकी सहा इतरांची निवडली. कार्यक्रमाचा शिरस्ता विजेवाचून वाजविण्याचा; परंतु कोबेनला आपल्या गिटारीचा नेहमीचा नाद हवा होता, म्हणून तिचा अँप्लिफायर रंगमंचावर एका खोट्या खोक्याआड ठेवण्यात आला. ही तडजोड ठाऊक असूनही त्या गायनाचे सच्चेपण माझ्या लेखी तिळमात्र उणे होत नाही, कारण अखेरच्या गीतात वर चढताना फाटलेला तो आवाज कोणत्याही यंत्राच्या आड लपविलेला नाही. कोबेन एप्रिल १९९४ मध्ये वारला आणि ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. दूरचित्रवाणीने ती रात्र जपली नसती, तर हा गायक त्याच्या ओरडण्यापुरताच जगाच्या स्मरणात राहिला असता.

आमच्या मुलखाची हकीकत निराळी आहे. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि उदय बेनेगल यांचे गायन व महेश तिनईकर यांची गिटार लाभलेल्या ‘रॉक मशीन’ या बँडाने १९८८ व १९९० साली ध्वनिमुद्रिका काढल्या, पुढे ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि १९९३ साली ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस एमटीव्हीचे आशियाई प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक मिळविले. १९९१ पासून उपग्रहाद्वारे उतरू लागलेल्या या वाहिनीने या मंडळींचे चेहरे तालुक्याच्या गावांपर्यंत नेले हे खरे. पण त्यांचा हात तयार झाला तो धोबी तलावाच्या रंगभवनासारख्या खुल्या प्रेक्षागृहांत, जेथे १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव पुढे अनेक वर्षे गाजला. रुग्णालये, विद्यालये व न्यायालये यांच्या भोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतताक्षेत्र ठरविणाऱ्या नियमांच्या अंमलात ते रंगभवनही आले आणि तेथील गजर बंद पडला. रुग्णांचा विसाव्याचा हक्क मला पूर्णतः मान्य आहे; माझी तक्रार एवढीच, की जागा गेली तेव्हा तेथील नादाची रीतसर नोंद करून ठेवण्याचा बंदोबस्त कोणी केला नाही.

हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण एनसीपीए या कलासंस्थेने मुंबईतच जतन केले आहे; मग रॉक संगीताने काय गुन्हा केला? रंगभवनातल्या त्या संध्याकाळी कोणी हौसेने टेपरेकॉर्डर नेला असेल, कोणा ध्वनियोजकाने मिक्सरवरून थेट कॅसेट भरून घेतली असेल. अशा फितीवरचा चुंबकीय लेप दमट हवेत झडू लागतो, म्हणून ज्यांच्याजवळ त्या असतील त्यांनी पहिल्या प्रथम त्यांची संगणकीय प्रत करवून घ्यावी, तीवर तारीख, ठिकाण व वादकांची नावे लिहावीत आणि ती एनसीपीएसारख्या संस्थेच्या हवाली करावी. संस्थेनेही संगीताची जात न पुसता तिची पोच द्यावी.

— श्रोता, भांडगाव (ता. दौंड)