वाचणाऱ्या मुलांची उपासमार

फास्टर फेणे आणि बोक्या सातबंडे यांच्या पुस्तकांची पारायणे उरकलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पुढे काय द्यावे, या प्रश्नाने पालक हवालदिल होतात, तेव्हा चांगली पुस्तकेच निघत नाहीत ही त्यांची तक्रार सर्वस्वी खरी नसून, निघणारी पुस्तके मुलांपर्यंत पोहोचविण्याची तजवीज कोणी करीत नाही, हेच मूळ दुखणे होय. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकात आवडलेल्या कथेच्या लेखकाचे नाव टिपून त्याची पुस्तके हुडकणे, किंवा भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून ज्यूल व्हर्नपर्यंत जाणे, हे मार्ग सोपे आहेत. मात्र ग्रंथालयात बालविभागाचे कपाट कुलूपबंद आणि प्रौढांच्या विभागात मुलांना मज्जाव, ही वहिवाट प्रथम मोडली पाहिजे. मुलाला कपाटे स्वतः धुंडाळण्याची मुभा द्यावी. न रुचलेले पुस्तक अर्ध्यावर टाकण्याचीही.