हेडसेट काढला, पण मेंदूने काढला का? व्हीआर आणि आपली स्वप्नं

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. परीक्षेच्या आदल्या रात्री कोरा पेपर दिसतो, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री लोकल चुकते. त्यात नवल काही नाही. पण जी गोष्ट मनात नाही, जी आपण केली हे आपल्याला आठवतसुद्धा नाही, ती डोळे मिटल्यावर समोर आली तर? असं झालेलं आहे, आणि प्रयोगशाळेत त्याची नोंदही झाली आहे. व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणजेच व्हीआर आपल्या डोक्यात काय करते, हे समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

हा विषय आत्ताच का? कारण व्हीआर आता फक्त मॉलमधल्या गेम झोनपुरती राहिलेली नाही. २०२३ मध्ये आयपीएलच्या सीझनला जिओने १,२९९ रुपयांचा ‘जिओडाइव्ह’ आणला. आपलाच फोन त्यात अडकवायचा आणि मॅच स्टेडियममध्ये बसल्यासारखी बघायची. त्याच वर्षी मेटाने आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठी वयाची अट १३ वरून १० वर आणली, पालकांनी चालवलेलं अकाउंट असेल तर. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विकायला आला. म्हणजे हजार-बाराशे रुपयांपासून लाखांपर्यंत, प्रत्येक खिशासाठी काही ना काही आहे. आणि आपण हे सगळं वापरतो कधी? कॉलेज, क्लास, ऑफिस उरकून, जेवण झाल्यावर. झोपायच्या अगदी आधी.

टेट्रिसचे ठोकळे आणि विसरलेला गेम

हार्वर्डमधले झोपेचे अभ्यासक रॉबर्ट स्टिकगोल्ड एकदा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात दिवसभर डोंगर चढून आले. रात्री अंथरुणात पडल्यावर त्यांना हाताखाली खडक असल्यासारखं वाटायला लागलं. आपल्यापैकी ज्यांनी राजगड-तोरणा केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवसभर भाताची लावणी केलेल्या माणसाला विचारा, डोळे मिटले की चिखल आणि हिरवी रोपंच दिसतात. स्टिकगोल्ड यांना प्रश्न पडला की हे मुद्दाम घडवून आणता येईल का? सगळ्यांना डोंगरावर नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी टेट्रिस निवडला.

२७ लोकांना तीन दिवसांत मिळून सात तास टेट्रिस खेळायला लावला. झोप लागता लागता काय दिसतंय हे त्यांना विचारलं. अनेकांनी सांगितलं की वरून खाली पडणारे ठोकळे दिसतात. पण खरी गंमत पुढे आहे. या २७ जणांत पाच जण असे होते, ज्यांच्या मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला इजा झालेली होती. काल आपण कुठला गेम खेळलो, हे त्यांना आज सांगता येत नव्हतं. तरीही त्यांच्यातल्या तिघांना झोपेच्या उंबरठ्यावर तेच ठोकळे दिसले! हा अभ्यास २००० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

म्हणजे आपल्याला आठवतंय की नाही, याच्याशी मेंदूला फार घेणंदेणं नाही. दिवसभरात डोळ्यांनी आणि हातांनी जे पुन्हा पुन्हा केलं, त्याचा हिशोब तो रात्री करतोच. आणि टेट्रिस तर सपाट स्क्रीनवरचा खेळ. व्हीआरमध्ये आपण स्क्रीनकडे बघत नाही, आपण ‘तिथे’ असतो.

‘तिथे असणं’ म्हणजे नक्की काय

फोनवर व्हिडिओ बघताना मान वळवली की समोर घरातली भिंत दिसते. हेडसेट घातल्यावर मान वळवली की त्या जगाची दुसरी बाजू दिसते. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळतात, त्यामुळे खोली जाणवते. हात हलवला की तिथला हातही हलतो. डोळे, मान आणि हात असे तीन-तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगायला लागले की मेंदू ती मानून मोकळा होतो. इमारतीच्या टोकावरून पुढे आलेल्या फळीवर चालायचा गेम खेळताना धडधाकट पोरांचे पाय लटपटतात ते यामुळेच. खाली गालिचा आहे हे माहीत असतं, पण पायांना ते पटत नाही.

एक साक्षीदार मात्र फितूर होत नाही, तो म्हणजे कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा. डोळे म्हणतात आपण उडतोय, कान म्हणतो आपण खुर्चीत बसलोय. या भांडणातून व्हीआरमधली मळमळ येते. घाटात एसटीमध्ये होतं तसंच, फक्त उलट्या बाजूने.

आता स्वप्नाचा विचार करा. तिथेही शरीर अंथरुणात निपचित पडलेलं असतं आणि मेंदूला वाटतं आपण धावतोय, पडतोय, उडतोय. आजवर माणसाला शरीर जागेवर ठेवून दुसऱ्या जगात हिंडण्याचा अनुभव मुख्यतः झोपेतच यायचा. आता तोच जागेपणी, चार्जिंग संपेपर्यंत घेता येतो. त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येणारच होता.

तो येतो का, हे कॅनडातल्या माँट्रियलमधल्या स्वप्नांच्या प्रयोगशाळेने तपासलं. टोरे निल्सन, क्लॉडिया पिकार-डेलाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त लोक घेतले आणि विषय निवडला उडण्याचा. निवड हुशारीची होती. उडण्याची स्वप्नं ऐकायला कॉमन वाटली तरी प्रत्यक्षात क्वचितच पडतात, त्यामुळे ती वाढली तर लगेच लक्षात येतं. लोकांना व्हीआरमध्ये उडायला लावलं, मग प्रयोगशाळेतच सकाळची डुलकी घ्यायला लावली आणि घरच्या स्वप्नांची डायरीही ठेवायला सांगितली. व्हीआरमध्ये उडालेल्यांना त्या डुलकीत आणि त्यानंतरच्या रात्री उडण्याची स्वप्नं जास्त पडली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. व्हीआरमधला सीन स्वप्नात जसाच्या तसा रिप्ले होतो असं कोणी म्हणत नाही. मेंदू कॉपी-पेस्ट करत नाही. तो त्यातली हालचाल, भावना, एखादा तुकडा उचलतो आणि आपल्या जुन्या सामानात मिसळतो. उडताय तुम्ही, पण खाली दिसतंय आजीचं अंगण. म्हणूनच ‘अमुक गेम खेळा, तमुक स्वप्न पडेल’ अशी ॲप्स कोणी विकायला आलं तर पैसे खिशातच ठेवा.

दिवसाचं काय?

स्वप्नांपेक्षा मला जास्त विचार करायला लावणारा भाग दिवसाचा आहे. हेडसेट काढल्यावर काही मिनिटं आपलेच हात परके वाटणं, खोली थोडी खोटी वाटणं, हवेत बोटाने बटण दाबावंसं वाटणं. पहिल्यांदा व्हीआर वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हे अनुभवलंय. माँट्रियलमध्येच फ्रेडरिक आर्डेमा यांच्या टीमने २०१० मध्ये ३० जणांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की व्हीआरनंतर माणसाला खऱ्या जगात ‘असल्याची’ जाणीव कमी होते. ज्यांना मुळातच दिवास्वप्नांत हरवून जायची सवय आहे, त्यांच्यात हा परिणाम जास्त होता.

घाबरून जायचं कारण नाही. नंतरच्या अभ्यासात एकच गेम काही जणांना हेडसेटवर आणि काहींना साध्या स्क्रीनवर दिला, तेव्हा हेडसेटवाल्यांमध्ये असं वाटणं सुरुवातीला जास्त होतं, पण ते सौम्य होतं आणि काही वेळाने ओसरलं. निरोगी माणसासाठी बहुतेक वेळा हा मामला तात्पुरता असतो. मात्र ज्यांना आधीपासून पॅनिक अटॅक येतात, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटतं किंवा झोपेचा मोठा त्रास आहे, त्यांनी मित्राच्या वाढदिवसाला तासभर हॉरर व्हीआर खेळण्याआधी विचार करावा. हे भित्रेपणाचं लक्षण नाही. पाय मुरगळलेला असताना कोणी फुटबॉल खेळत नाही, तसंच आहे.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. स्टॅनफर्डमध्ये जेरेमी बेलेन्सन आणि कॅथरीन सेगोव्हिया यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना व्हीआरमध्ये त्यांचीच प्रतिकृती देवमाशांसोबत पोहताना दाखवली. आठवडाभराने विचारलं, तर प्राथमिक शाळेतल्या काही मुलांना आपण खरंच देवमाशांबरोबर पोहलो होतो असं वाटत होतं. मोठ्यांना ‘हे घडलं’, ‘हे पाहिलं’ आणि ‘हे स्वप्नात आलं’ असे तीन कप्पे बऱ्यापैकी वेगळे ठेवता येतात. मुलांचे कप्पे अजून बनायचे असतात. त्यामुळे वयाची अट १३ वरून १० वर आली, तेव्हा मार्केट वाढलं यापलीकडे काही चर्चा व्हायला हवी होती. आपल्याकडे ती झालीच नाही. घरात धाकटा भाऊ किंवा भाची असेल तर हेडसेट कोणाच्या हातात द्यायचा हे तुम्हीच ठरवणार आहात, आईबाबांना यातलं फारसं माहीत नसतं.

ज्या दाराने भीती आत येते

एवढं सगळं वाचून व्हीआर वाईट असा निष्कर्ष काढलात तर तो चुकीचा ठरेल. अनुभव इतका खोल जातो म्हणूनच तो औषध म्हणूनही चालतो. बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच उंचीची भीती घालवायला व्हीआर वापरली होती. पुढे युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी तशीच पद्धत वापरली गेली. ज्या प्रसंगाची भीती, तोच सुरक्षित खोलीत, डॉक्टरांसमोर, थोडा थोडा अनुभवायचा.

वाईट स्वप्नांवरही उपाय निघतोय. जिनिव्हामधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सतत भीतीदायक स्वप्नं पडणाऱ्या ३६ जणांना त्या स्वप्नाचा शेवट बदलून, चांगला शेवट रोज मनात घोळवायला सांगितला. ही उपचारपद्धत जुनीच आहे. नवीन भाग असा की त्यातल्या निम्म्या लोकांनी सराव करताना पियानोचा एक सूर ऐकला आणि रात्री स्वप्नांच्या झोपेत तोच सूर त्यांना हळूच ऐकवला गेला. त्यांची वाईट स्वप्नं इतरांपेक्षा जास्त कमी झाली, आनंदाची वाढली. यात व्हीआर नव्हती. पण दिवसा दिलेला अनुभव आणि रात्री दिलेली खूण अशी जोडी जमते, हे त्यातून कळलं.

आणि ही जोडी जमते हे फक्त डॉक्टरांनाच कळलं असं थोडंच आहे?

२०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कूर्स या बिअर कंपनीने सुपर बोलच्या निमित्ताने एक जाहिरात मोहीम काढली. झोपण्याआधी आमचा व्हिडिओ बघा, रात्री आमचा आवाज लावून झोपा, म्हणजे स्वप्नात डोंगर, धबधबे आणि आमची बिअर येईल! बदल्यात बिअरवर सवलत. लोकांनी हे मजेत घेतलं. झोपेच्या अभ्यासकांनी नाही घेतलं. त्याच वर्षी सुमारे ४० शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून स्वप्नांत जाहिराती घुसवण्यावर नियम आणा अशी मागणी केली. त्या पत्रामागच्या प्रमुख लोकांत एक नाव होतं रॉबर्ट स्टिकगोल्ड. हो, तेच टेट्रिसवाले. विसरलेला गेमसुद्धा झोपेत परत येतो हे ज्यांनी दाखवलं, त्यांना ‘जाहिरात आठवत नाही म्हणजे परिणाम झाला नाही’ हा युक्तिवाद पटणं शक्यच नव्हतं.

बिअरच्या त्या मोहिमेत साधा व्हिडिओ होता. हेडसेटमध्ये कंपनीकडे याहून कितीतरी जास्त सामान असतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी बीट सेबर या गेमच्या ५० हजारांहून जास्त खेळाडूंचा डेटा तपासला. फक्त १०० सेकंदांच्या डोक्या-हातांच्या हालचालींवरून त्यांना ९४ टक्के अचूकतेने माणूस ओळखता आला. तुम्ही कशाकडे वळून बघता, कुठे दचकता, कुठे रेंगाळता हे सगळं हालचालीत असतं. रोज रात्री अकराला हेडसेट काढता हेही त्यात येतं.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मोठ्यांसाठी मात्र सगळी मदार संमतीवर. आणि संमती म्हणजे काय, तर ते लांबलचक पान न वाचता आपण दाबतो ते ‘मान्य आहे’. जागेपणी दाबलेल्या या बटणाची मुदत झोप लागल्यावर संपते का, हा प्रश्न आत्ता विनोदी वाटेल. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत कोर्टात येणाऱ्या प्रश्नांपैकी तो एक आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? बेलेन्सन स्वतः २०-३० मिनिटांनी हेडसेट काढून खऱ्या गोष्टींना हात लावायचा सल्ला देतात. पाणी प्या, गॅलरीत जा, कोणाशी तरी दोन शब्द बोला. हॉरर किंवा मारधाडीचा गेम झोपायच्या आधी नको, संध्याकाळी खेळा. डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवरचा उजेड झोपेला मदत करत नाही, हे तर फोनवरूनच आपल्याला कळलेलं आहे.

आणि स्वतःवर काय परिणाम होतो हे बघायचं असेल तर एक फुकटातला प्रयोग आहे. एक आठवडा व्हीआर न वापरता आणि एक आठवडा वापरून, रोज सकाळी उठल्या उठल्या, नोटिफिकेशन बघायच्या आधी, स्वप्नातलं जे आठवेल ते दोन ओळींत लिहून ठेवा. कागदावर लिहा. फोन उघडलात तर पहिल्या रीलबरोबर स्वप्न पुसलं जाईल.